चौथे वाडगे

धुळ्याच्या त्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाकडे एकच धड सूक्ष्मदर्शक होता, आणि तो विभागप्रमुख डॉ. कौतिक देवरे यांच्या कपाटात राहत असे. काही घरांत चांदीचे ताट असते तसा; जेवण्यासाठी नव्हे, आहे म्हणून सांगण्यासाठी. कपाटाची किल्ली सरांच्या करगोट्याला. दुपारी एकला सर घरी जेवायला जात, जेवून डाव्या कुशीवर पडत आणि अडीचला परत येत. तेवढ्या दीड तासापुरता तो सूक्ष्मदर्शक कुंदा बऱ्हाटेच्या टेबलावर उतरे. निघताना सर दर वेळी तेच सांगत, "जपून हं मॅडम. फॉरेनचा आहे."

वीस वर्षांपूर्वी देवरे सरांनी म्हशींच्या गोचिडांवर प्रबंध लिहिला होता. त्यानंतर त्यांनी काहीही पाहिले नव्हते. पाहण्याचे साधन तेवढे सांभाळले होते.

कुंदा यावल तालुक्यातल्या केळीच्या बागायतदाराची मुलगी. पुण्याहून एम. एस्सी. होऊन तात्पुरती अधिव्याख्याता म्हणून ती इथे आली, त्याला शहाण्णव सालच्या आषाढात तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत तिने पगारापेक्षा तिरस्कारच अधिक साठवला होता. बेडकाच्या हृदयात लाल पेन्सिल घोटण्याला शिक्षण समजणारे विद्यार्थी, हजेरीपुस्तकावर सही करून वर्तमानपत्रात शिरणारे सहकारी, भिंतीवरचा पिवळा पडलेला उत्क्रांतीचा तक्ता, ज्यातला शेवटचा माणूस कसरीने खाल्ला होता; सगळ्यांकडे ती एकाच अर्धवट मिटल्या नजरेने पाही. शिपाई तोताराम अहिराणीत बोले. तिच्या माहेरच्या बोलीहून ती निराळी असली तरी तिला नीट कळत असे; पण न कळल्यासारखा चेहरा करून "काय म्हणालास?" असे विचारण्यात तिला एक बारीक, थंड सुख मिळे. तोताराम तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता. सगळे त्याला तोतारामभाऊ म्हणत. कुंदा त्याला नुसते तोताराम म्हणे.

व्हरांड्याच्या टोकाच्या अडगळीच्या खोलीत मात्र ती वेगळी होती. तिथे तिचे झेब्राफिश होते. करंगळीच्या दोन पेरांएवढे मासे, अंगावर निळ्या-रुपेरी रेघा. जणू कुणी शाईची दौत उघडी ठेवून पाण्याला लिहायला बसवले आहे. पाचोऱ्याजवळ गिरणेच्या एका डबक्यातून, आतेभावाच्या उपरण्याची झोळी करून, तिने पहिले अकरा धरून आणले होते. त्यांची पिल्ले, त्या पिल्लांची पिल्ले आता चार टाक्यांत फिरत होती. हे मासे पहाटेच्या पहिल्या उजेडाला अंडी घालतात आणि लगेच स्वतःच ती खाऊन टाकतात. म्हणून कुंदा टाकीच्या तळाशी पोरांच्या खेळण्यातल्या काचेच्या गोट्या पसरून ठेवी. अंडी गोट्यांच्या फटींतून खाली घरंगळत आणि आईबापांच्या तोंडातून वाचत.

अंडे काचेसारखे पारदर्शक. त्यात काय चालले आहे ते काही न कापता, काही न मारता दिसते. तासाभरात एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात. संध्याकाळी बलकावर एक धूसर कड उमटते, रात्रभरात ती कड वळते, मिटते, तिची नळी होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नळीच्या टोकाला मेंदू असतो. पुढचा, मधला, मागचा; तीन दालने, आणि मधल्या-मागच्या दालनांच्या मध्ये एक स्वच्छ खाच, नखाने ओढल्यासारखी. ती खाच पाहताना कुंदाला दर वेळी वाटे, की ज्या वस्तूने उद्या अंधाराला घाबरायचे, आईला ओळखायचे, ती वस्तू आपण तिला काहीही कळण्याच्या आधी पाहतो आहोत. हे पाहणे तिने कुणाला सांगितले नव्हते. सांगण्याजोगे या गावात होते कोण?

तिची पद्धत साधी होती. सकाळी एका जोडीची अंडी वेचायची आणि काचेच्या चार वाडग्यांत सारखी वाटायची. गर्दी झाली की अंडी कुजतात, म्हणून चार. दिवसातून तीनदा पाणी बदलायचे. नळाच्या पाण्यात जंतुनाशक पावडर असते, म्हणून दोन दिवस उघडे ठेवलेले शिळे पाणी. त्यासाठी वाडग्यागणिक एक, अशा चार कळश्या. श्रावणात धुळ्याच्या हवेचे तापमान माशांना हवे तितके, साडेअठ्ठावीस अंश, फुकट मिळते. या गावाने तिला दिलेली ही एकमेव देणगी. पाणी बदलण्याचे काम तिने तोतारामला एकदाच शिकवले होते, आणि पुन्हा त्याविषयी बोलण्याची गरज तिला वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी सूक्ष्मदर्शक आला, की चारही वाडग्यांतली पिल्ले ती एका मोठ्या काचेच्या बशीत एकत्र करी आणि एकेक सरकवत मोजून काढी. चार वेळा बशी लावायला दीड तास पुरत नसे.

आषाढाच्या शेवटी एका सख्ख्या भावाबहिणीच्या जोडीने अंडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी बशीत तिला ते दिसले. काही पिल्लांच्या मेंदूत ती खाच नव्हती. दालने उघडलेली नव्हती. मधला मेंदू आणि मागचा मेंदू एकमेकांत मिसळून एक गढूळ गोळा झाला होता. तिने मोजले. दोनशे आठ पिल्लांत बावन्न.

पाव हिस्सा.

आईबाप दोघांच्याही रक्तात एखादा दोष लपलेला असेल, तर चार मुलांत एकात तो उघडा पडतो. हे गणित वाटाण्याच्या वेलीवर सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. कुंदाने त्याच जोडीची अंडी पुन्हा घेतली: शेकडा चोवीस. पुन्हा: सव्वीस. पुन्हा: पंचवीस. मेंदूला खाच पाडायला सांगणारा एक जीन गिरणेच्या त्या डबक्यात कुठेतरी मोडला होता, आणि तो मोडलेला तुकडा कुंदा बऱ्हाटेच्या हाती लागला होता. तो आकडा इतका सुंदर होता, की त्याच्याविषयी शंका घेणे असभ्यपणाचे वाटले असते.

जर्मनीतल्या एका संशोधनसंस्थेत माशांचे असेच मोडके वाण हजारोंनी गोळा होत होते. तिने तिथे आपली पद्धत आणि आकडे कळवणारे पत्र लिहिले. महिन्याच्या आत उत्तर आले: वाण टिकाऊ असेल तर तो घेऊन या, दोन वर्षांची शिष्यवृत्ती देता येईल. मात्र खाली एक ओळ होती. 'दोष असलेली पिल्ले चारही वाडग्यांत सारखी विखुरलेली आहेत ना? कृपया वाडग्यागणिक आकडे कळवा.'

वाडग्यागणिक. कुंदा हसली. ही जर्मन माणसे मिठाचे दाणेही मोजून घालत असतील.

पण पत्राची बातमी देवरे सरांपर्यंत पोहोचली होती, आणि सर तीन दिवसांत पेटले होते. ज्याला ते आजवर "मॅडमचे ते मासोळ्यांचे खूळ" म्हणत, ते आता "आमच्या विभागाचे संशोधन" झाले.

"वाणाला नाव हवं, मॅडम," ते एका सकाळी खोलीत येऊन म्हणाले. टाकीच्या काचेवर त्यांनी बोटाने टकटक केले. मासे विजेसारखे पांगले.

"नाव नंतर देतात, सर. जीन सापडल्यावर."

"मी ठरवलंय. संस्थापक आबासाहेबांची पुण्यतिथी पंधरा दिवसांवर आली. 'आबासाहेब वाण'. काय?"

कुंदाने त्यांच्याकडे नीट पाहिले. ते गंभीर होते.

"सर, या पिल्लांचा मेंदू धड तयार झालेला नसतो. चार दिवसांत मरतात ती."

"अहो, भावना बघा ना! जगात जिथे जिथे हा मासा जाईल तिथे आबासाहेबांचं नाव जाईल."

"मेंदू नसलेल्याला त्यांचं नाव?"

"तुम्ही फार खोलात जाता," सर म्हणाले आणि निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहायला गेले. दुसऱ्या दिवशी जळगावच्या एका दैनिकाच्या आतल्या पानावर बातमी आली: 'धुळ्यात अवतरला बिनमेंदूचा मासा. डॉ. देवरे यांच्या मार्गदर्शनाला यश.' छायाचित्र सरांचे होते.

वाडग्यागणिक आकडे कुंदाने केवळ पत्राला उत्तर द्यायचे म्हणून घेतले. त्या दुपारी वेळ पुरावा म्हणून ती जेवली नाही. पहिल्या वाडग्यातली पिल्ले बशीत घेतली: एकूण एकोणपन्नास, सदोष एकही नाही. दुसऱ्यात त्रेपन्न, एकही नाही. तिसऱ्यात एकही नाही. मग चौथी बशी. एकावन्न पिल्ले. एकावन्नच्या एकावन्न मेंदूंत खाच नव्हती.

ती बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली. काही पाहत नव्हती. अडीचला देवरे सरांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला तेव्हा ती उठली.

रक्त वाडगी मोजत नाही. जे पाव हिस्सा म्हणून तिने महिनाभर छातीशी धरले, ते चारांतले एक वाडगे होते. आणि ते वाडगे उरलेल्या तिघांत दर वेळी स्वतःच्या हाताने मिसळून तिनेच ते झाकले होते.

संध्याकाळी तोताराम पाणी बदलायला आला. कुंदा स्टुलावर बसून राहिली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचे काम पाहिले. पहिली कळशी, पहिले वाडगे. दुसरी, दुसरे. तिसरी, तिसरे. मग तो रिकाम्या हाताने बाहेर गेला आणि तांब्या भरून घेऊन आला.

"हे कुठलं पाणी?"

"सरना माठनं, ताई."

"आणि चौथी कळशी?"

"ती ते फुटेल शे. होयीपाईन." होळीपासून, म्हणजे कित्येक महिने. तोताराम चौथ्या वाडग्यात हलक्या हाताने धार सोडत होता, इतक्या हलक्या, की एकही पिल्लू जागचे हलले नाही. "बठ्ठा कालेजमा चोखं पानी तेच शे. नदी गढूळ व्हयनी तैपाईन मी रोज सकाय त्यामा तुरटी फिरावस. सर म्हनतस, मन्हं तोंड दिसाले पायजे पानीमा. मंग दखा, कशी चकाचक!"

माशांना आपण सरांच्या तोडीचे पाणी देतो, याचा त्याला अभिमान होता.

"तू मला सांगितलं का नाहीस?" कुंदा स्टुलावरून उठली.

तोतारामने तांब्या खाली ठेवला. तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

"तुम्ही कव्हय इचारं, ताई?"

पुढच्या तीन दिवसांत कुंदाने ते दोन्ही बाजूंनी करून पाहिले. चौथ्या वाडग्याला चांगल्या कळशीतले शिळे पाणी दिले. सगळ्या पिल्लांत खाच परत आली. दुसऱ्या वाडग्याला सरांच्या माठातले दिले. सगळ्यांची नाहीशी झाली. गिरणेच्या डबक्यात काहीही मोडलेले नव्हते. भावाबहिणीची जोडी आणि पांझरेच्या पुराने गढुळलेल्या पाण्यातली तुरटी एकाच आठवड्यात आली होती, एवढेच.

देवरे सरांनी तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी दार लोटून घेतले.

"पत्रिका वाटून झाल्यात, मॅडम. उखर्डूनाना अध्यक्ष. शाल आलीय."

"वाणच नाही, सर. शाल कुणाला घालणार?"

"बसा." सरांच्या चेहऱ्यावर कुंदाने कधी न पाहिलेली एक चलाखी आली. बुद्धी इतकी वर्षे पडून होती, म्हणजे नव्हती असे नाही. "असं बघा. वाण होता. तुम्ही पाहिला, मोजला. कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी तोतारामने पाण्यात तुरटी टाकली आणि सगळे मासे मेले. लेखी अहवाल मी देतो. जर्मनीला तसंच कळवा. शिपायाच्या अडाणीपणामुळे वाण गेला, याला ते तरी काय करतील? तुमची निवड ते थोडीच रद्द करणार? शिवाय माझं शिफारसपत्र आहेच."

"आणि तोताराम?"

"रोजंदारीवर आहे तो," सर म्हणाले. त्यांच्या मते हे पुरेसे उत्तर होते.

त्यानंतरच्या चार दिवसांचे कुंदाला नंतर सर्वांत लाजिरवाणे काय वाटले असेल, तर हे, की तिने लगेच नाही म्हटले नाही. तिने विचार केला. देवपूरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत खाटेवर बसून तिने जर्मनीला लिहायच्या पत्राचा मसुदा दोनदा केला, आणि त्यात 'दुर्दैवाने एका अशिक्षित कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे' हे शब्द इतक्या सहज उतरले, की जणू ते तीन वर्षे तिच्या जिभेखालीच होते. वाक्य सुरेख होते. देवरे सरांना लिहिता आले नसते इतके सुरेख. तेवढ्यावरून तिला कळले, की या गावात ज्या माणसाचा ती सर्वांत जास्त तिरस्कार करत होती, त्याने मागितलेले काम त्याच्यापेक्षा ती अधिक चांगले करू शकते. मसुदा फाडताना तिला स्वतःविषयी कणव वाटली नाही. किळस मात्र आली.

पुण्यतिथीच्या दिवशी सभागृहात आबासाहेबांच्या तसबिरीला झेंडूचा हार होता. शेजारच्या मेजावर एक काचेचे भांडे, त्यात दोन मोठे मासे. ते आबासाहेबांकडे पाठ करून पोहत होते. देवरे सर पस्तीस मिनिटे बोलले. मेंदू हा शब्द त्यांनी एकोणीस वेळा उच्चारला. मग "आमच्या सहकारी दोन शब्द बोलतील" असे म्हणून त्यांनी कुंदाकडे पाहिले. त्या नजरेत किल्ली होती.

कुंदा उभी राहिली. तिने कागद घेतला नव्हता.

"आबासाहेबांच्या नावाचा मासा नाही," ती म्हणाली. "पिल्लांचे मेंदू बिघडले ते रक्तातल्या दोषामुळे नव्हे, पिण्याच्या पाण्यातल्या तुरटीमुळे. तुरटी टाकणाऱ्याची चूक नाही. ते पाणी त्याने माणसांसाठी स्वच्छ केलं होतं. चार वाडग्यांतली पिल्लं मी एकत्र करून मोजली. वेगळी मोजली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पाणी कुठलं, हे मी विचारलं नाही. चूक माझी आहे. वाण नाही."

ती बसली. मग सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मनापासून, लांबलचक, जशा त्या देवरे सरांना वाजवल्या होत्या. कुणीतरी मागून "वा!" म्हणाले.

देवरे सर ध्वनिक्षेपकापाशी आले. "मॅडमचा हा विनय," ते म्हणाले, "ही आबासाहेबांचीच शिकवण." पुन्हा टाळ्या.

कुंदाला तेव्हा खरा तिरस्कार काय असतो ते कळले. आधीचा सगळा सराव होता. खरे बोलले तरी ऐकू येत नाही अशा जागी माणूस खोटे तरी का बोलत असेल, एवढ्या कष्टाने?

एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. अध्यक्षपदाच्या खुर्चीतले उखर्डूनाना, आबासाहेबांचे धाकटे भाऊ, चौथी शिकलेले, पंचाहत्तरीचे. पांढऱ्या टोपीखाली त्यांचे बारीक डोळे कुंदावर खिळले होते. त्यांनी तिला हाताने जवळ बोलावले.

"बाई, मेंदू तुरटीनं गेला म्हणता?"

"हो, नाना."

"आणि या कौतिकनं त्याला आमच्या आबाचं नाव दिलं?"

"हो."

नानांनी समोरच्या मेजावरचा पाण्याचा पेला उचलला, उजेडाकडे धरला. पाणी अतिशय नितळ होते.

"हे तेच का?"

"तेच, नाना."

नाना खांदे गदगदवीत हसले. मग सगळ्यांसमक्ष, देवरे सरांकडे पाहत, त्यांनी पेल्यातला अर्धा घोट घेतला. "कौतिकराव," ते ध्वनिक्षेपकात जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "हे पाणी तुम्ही किती वर्षांपासून पिता?"

सभागृह हसले, हा विनोद त्यांना कळला. शाल मात्र ठरल्याप्रमाणे देवरे सरांच्याच खांद्यावर पडली, कारण ती त्यांच्या नावाने आणली होती. दैनिकाने 'बिनमेंदूच्या माशाचे थाटात नामकरण' असे छापले.

सोमवारपासून दुपारचा सूक्ष्मदर्शक बंद झाला. "दुरुस्तीला," सर म्हणाले. तो कपाटात होता. तोतारामला कुणी काढले नाही. नानांनी जाताना त्याचे नाव विचारून घेतले होते, आणि या संस्थेत नानांनी नाव विचारणे म्हणजे काय, हे सरांना ठाऊक होते.

कुंदाने जर्मनीला पत्र लिहिले. चार ओळी, चार आकडे: शून्य, शून्य, शून्य, एकावन्न. त्याखाली दोन्ही बाजूंनी केलेल्या पडताळणीचे आकडे. 'वाण अस्तित्वात नाही. आपला प्रश्न मी आधीच स्वतःला विचारायला हवा होता.' शिष्यवृत्तीविषयी तिने काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही उरले नव्हते. मोठ्या पोस्टात जाऊन तिने ते खिडकीवर दिले, आणि शिक्का नीट बसेपर्यंत उभी राहिली.

परत आली तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतला आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक तिने उचलून खिडकीत आणला. भिंगाला ओरखडा होता, उजेड सूर्याचा घ्यावा लागे आणि सूर्य पावसाळ्यातला, येऊन-जाऊन. वाडग्यांवर तिने तैलरंगाने एक ते चार आकडे घातले. बाजारातून आणलेली नवी कळशी कोपऱ्यात होती.

तोताराम तिसऱ्या वाडग्यापाशी वाकला होता. उजेड गेला. कुंदाने भिंगावरून मान वर केली.

"तोतारामभाऊ," ती म्हणाली, तो शब्द तिच्या तोंडात अजून परका होता, "पाणी कुठलं?"

त्याने तिच्याकडे पाहिले, मग कळशीकडे, जणू तोही खात्री करून घेत होता.

"नळनं शे, ताई. दोन दिननं शिळं."

तिने ते वहीत लिहिले.